यंदा फुलं गाळायची नाहीत

१६ मार्च

माझी नात युसरा आली. सासरहून, सूसाहून, भाड्याच्या गाडीत परक्या माणसांच्या मध्ये दाटीवाटीनं बसून. हातात एक प्लास्टिकची पिशवी. अंगणात नारिंगाच्या झाडाखाली टेकली आणि म्हणाली, "नन्ना, तहान लागलीय."

डाव्या डोळ्याखाली पिवळं-हिरवं. ताजा मार जांभळा असतो, हा जुना. म्हणजे नवऱ्यानं, वजदीनं मारलं, त्यावरही ती तिथंच थांबली, आणि मग निघाली.

विचारलं काही नाही. पाणी दिलं. त्यात भट्टीवर उतरवलेल्या नारिंगाच्या फुलांच्या पाण्याचे थेंब टाकले — आमच्या नाबेलमध्ये घाबरल्या माणसाला दुसरं काय देतात? तिनं पेला नाकाशी धरला आणि कितीतरी वेळ नुसताच हुंगत बसली.

संध्याकाळी रिधा दुकानातून आला. पोरीला बघितलं, डोळ्याखालचंही बघितलं. "नवराबायकोचं भांडण असतंच, उम्मी. शांत झाली की जाईल परत." बाप म्हणायचं याला! तापट आहे माझा रिधा, आवाज चढवतो, पण बाईवर हात टाकणाऱ्यातला नाही. म्हणून त्याला कळत नाही. असं मी धरून चालले.

सून दलंदा जिन्यात उभी. आईनं धावत यावं, पोरीला कुशीत घ्यावं. ही कठड्याला धरून उभी! ओल्या लाकडाला तरी कधी धूर येतो, हिला तेवढंही नाही.

झाडावर कळ्या धरल्यात. तांदळाएवढ्या.

१७ मार्च

दिवसभर झोपली. मी दाराशी बसून मटार सोलले.

२० मार्च

आज जेवली. बडीशेपेच्या पाल्याचा कुसकुस केला होता, वरची हिरवी मिरची पण खाल्ली. नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी. "रडत नाहीये हं," म्हणाली. मी म्हटलं, "रडलीस तर काय कर लागतो का?"

ती माझ्याच खोलीत झोपते, फुलं गाळायच्या तांब्याच्या हंड्यांशेजारी. लहानपणी फुलांच्या पोत्यांवर झोपायची. आम्ही बायका पहाटे तोडलेली फुलं खोलीत पसरायचो, आणि ही मधोमध मांजरासारखी. शोधायला गेलं की पांढऱ्या ढिगातून एक पाय दिसायचा. आज गेल्या वर्षीच्या बाटलीचं बूच काढून उशीवर थेंब टाकला तिनं. "इथं वास बरा आहे, नन्ना. या वासात मला कुणी शोधू शकत नाही."

दुपारी डोळा लागला माझा. स्वप्नात समुद्र अंगणात आला होता. लाटा नाहीत, आवाज नाही. पाणी नुसतं पायऱ्या चढत होतं आणि त्यावर सगळीकडं फुलं. मी परातीनं फुलं गोळा करत होते आणि परात भरतच नव्हती. जागी झाले तर दलंदा शेजारी उभी. काहीतरी बोलायचं होतं तिला. "काय गं?" "काही नाही, उम्मी." मग कशाला उठवलंस बाई!

२३ मार्च

काय ते दलंदा आज बोलली. युसराला मादाम लामियाकडे न्यायचंय.

कोण मादाम लामिया? समुद्राकडच्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसते ती. आधी बायकांना खोट्या पापण्या चिकटवायची. मग फोनवर कसलासा अभ्यास केला, भिंतीवर प्रमाणपत्राची चौकट लावली, आता मनाच्या जखमा बऱ्या करते म्हणे. पाटीवर "आघातांची तज्ज्ञ" लिहिलंय. बायका तिला कोच म्हणतात. आमच्या वेळी फुटबॉलच्या पोरांना कोच असायचा.

"करते काय ती?"

"आतलं सगळं बाहेर काढते, उम्मी. एकदा पूर्ण बाहेर आलं की माणूस मोकळं होतं."

"मन म्हणजे गळू आहे का दाबून काढायला?"

दलंदाचं हे नेहमीचं. दोन वाक्यं बोलायची आणि बाह्या मनगटापर्यंत ओढत बसायचं. मार्चमध्ये लोकर! म्हटलं, "अगं, अंगाला वारा लागू दे जरा, नाहीतर कणकेसारखी उबशील." हसली नाही.

रिधाला मात्र पटलं. "घरातल्या घरात मिटतंय तर बरंच. पोलीस, वकील, गावभर बोभाटा — हे नको." मधाळ बोलतो. पर्यटकांना निळ्या थाळ्या विकून जीभ गोड झालीय त्याची. आळीत सगळे म्हणतात, लल्ला मन्नूबिया, तुमचा मुलगा सोनं आहे.

युसराला विचारलं, "जायचंय का?" खांदे उडवले. "आई म्हणते तर जाते."

२४ मार्च

मादामचा निरोप — घरचा आवडता वास बरोबर आणा. दलंदानं बाटली मागितली. मी मागच्या वर्षीची पहिल्या धारेची दिली. लग्नाला, बाळंतिणीला, मय्यताला देते ती. म्हटलं, वास बरा वाटतो पोरीला, तर तोच सोबत जाऊ दे.

२६ मार्च

युसरा परत आली तेव्हा चेहरा पांढराफटक. दलंदा म्हणते, "छान झालं. खूप रडली."

छान!

थोडंथोडं करून काढून घेतलं दलंदाकडून. मादामनं युसराला डोळे मिटून आडवं केलं. म्हणाली, सुरुवातीपासून सांग, पहिल्या थपडेपासून, त्यानं काय घातलं होतं, खोलीत दिवा होता का, सगळं. आणि जिथं फार दुखेल तिथं बाटली नाकाशी. थप्पड — हुंग. केस धरले — हुंग. दार लावून घेतलं — हुंग. "वाईटावर चांगला वास चढवायचा, उम्मी. म्हणजे आठवण गोड होते."

मी म्हटलं, माशाच्या रश्शात गुलाब टाकला तर रस्सा गोड होतो की गुलाब नासतो?

यावर दलंदा म्हणाली, "मादाम शिकलेली आहे." तिथं माझं तोंड बंद होतं. मी म्हातारपणी साक्षरता वर्गात बसून अक्षरं गिरवलेली बाई. भिंतीवर चौकट नाही माझ्या.

२८ मार्च

परत नेली. आज म्हणे गोल करून बसल्या होत्या बायका, सगळ्यांसमोर सांगायला लावलं. युसरा थांबली की मादाम विचारायची, "आणि मग? आणि मग?" शेवटी टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.

माझ्या नातीला मारलं, त्यावर टाळ्या.

रात्री उशी माझ्या बाजूला सरकवली तिनं. "नन्ना, ही तू घे." मी पण घेतली आणि झोपले. म्हातारी झाले, डोकं मंद चालतं.

३० मार्च

आज फुलं उमलली. रात्रीतून. दरवर्षी असंच होतं, तरी दरवर्षी मी फसते. काल कळ्या होत्या, आज पहाटे दार उघडलं तर हवाच दुसरी. गाव दारू प्यायल्यासारखं झालंय. गाढवं सुद्धा हळू चालतात. वरून धुकं उतरलेलं, धुक्यात झाडं, झाडांत शिड्या, शिड्यांवर बायका. बायका दिसत नाहीत, नुसती गाणी वरून पडतात. खाली चादरी पसरलेल्या. फुलं पडतात त्यांचा आवाज होत नाही, पण मला येतो. लहानपणापासून येतो. कुणीतरी फार लांब कपडा झटकतंय तसा.

शेजारीण खदूजा आली होती तोडायला. तिची जीभ चालू. "मन्नूबिया, तुझं झाड यंदा नवरीसारखं लाजत नाही, एकदम अंगावर येतंय!" हंडे घासून उन्हात ठेवले होते, लाल चमकत होते. मला वाटलं, चला, सगळं सुरळीत होणार.

युसरा अंगणात आली. अनवाणी. दोन पावलं टाकली आणि थांबली. हात नाकावर गेला. मग कोसळली, जशी चादरीची एक बाजू सुटते.

मी धावले. जे सगळे करतात तेच केलं. बाटली घेतली आणि फुलांचं पाणी शिंपडलं तिच्या तोंडावर!

ती किंचाळली. असं ओरडताना मी माणसाला ऐकलेलं नाही. शिड्यांवरची गाणी थांबली. हातांनी तोंड घासत सुटली, गाल ओरबाडले. "त्याचा हात आहे! नन्ना, त्याचा हात आहे, काढ!" कुणाचा हात? अंगणात आम्ही दोघी म्हाताऱ्या आणि पांढरी फुलं.

नळाखाली तिचं डोकं धरलं. साबणानं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. खदूजा बाजूला उभी, शिडी हातात धरून, पहिल्यांदाच जिभेविना.

तेव्हा कळलं मला. उशी का सरकवली ते. त्या बाईनं आठवण गोड केली नाही. वास घेऊन गेली. एकच जागा होती पोरीला लपायला, तिथं वजदीला नेऊन बसवलं.

३१ मार्च

खिडक्या बंद. फटींत चिंध्या कोंबल्या. तरी येतोच. सगळ्या गावाचा वास कोण बंद करणार!

१ एप्रिल

मादाम लामियाकडे जाऊन आले. पांढरी शाल पांघरून, चांगली चप्पल घालून.

खोली थंडगार. पांढरे सोफे, पांढरे पडदे, टेबलावर दगडगोटे. आत गेल्यावर पावलांचा आवाजच होत नाही, गालिचा असा. माझीच बाटली तिथं कपाटात उभी! बाई देखणी आहे. खोटं कशाला बोलू.

"लल्ला मन्नूबिया, तुम्ही आलात, किती छान ऊर्जा आहे तुमची."

"ऊर्जा राहू दे. पोर फुलांच्या वासानं बेशुद्ध पडते."

तिला आनंद झाला! हात हातात घेतले माझे. "हे तर बरं होण्याचं लक्षण. आतलं विष वर येतंय. आता थांबायचं नाही."

"आणि वर आलेलं विष घेऊन पोरीनं जायचं कुठं? नाबेलात राहते ती. समुद्रात जाऊन राहील का?"

"प्रतिकार करतेय ती. घरचे लोकही प्रतिकार करतात." माझ्याकडे बघून हसली. मग सांगितलं की शेवटची बैठक माफीची. वजदीला बोलवायचं. समोरासमोर बसवायचं. पोरीनं त्याचा हात धरून म्हणायचं, मी तुला माफ केलं. "तिच्या आतल्या जखमेनंच त्याला ओढून घेतलं ना. जखम मिटली की तो मारणार नाही."

मी शांतपणे विचारलं, "म्हणजे थप्पड तिनं बोलावली?"

"तसं नाही... पण हो, एका पातळीवर."

"मग मी तुझ्या एक थोबाडीत दिली तर ती कुठल्या पातळीवर बोलावलेली असेल?"

सोफ्याला टेकली मागे. तरी हसतच. जाताना दारात म्हणाली, "तुमच्याच घरात माझ्यावर विश्वास ठेवणारं माणूस आहे, लल्ला. आधीपासून." मी म्हटलं, दलंदा का? ती तर औषधाच्या जाहिरातीवरही विश्वास ठेवते.

कपाटातली बाटली उचलली आणि घेऊन आले. माझी होती.

खाली समुद्र होता. थोडा वेळ बसले. पाणी अगदी गप्प. बाटली वाळूवर ओतली. वाळूनं लगेच पिऊन टाकलं. वास मात्र घरापर्यंत माझ्या हाताला.

२ एप्रिल

रिधानं ठरवूनच टाकलंय. शुक्रवारी वजदी त्याच्या आईला घेऊन येणार, मिठाई आणणार, सगळे मादामकडे जाणार, माफी होणार, आणि युसरा सूसाला परत.

मी म्हटलं, "पोर या घरातून जाणार नाही."

"उम्मी, तू फुलं बघ."

"फुलंच बघतेय रे. तुला दिसत नाहीत."

मूठ आपटली टेबलावर. चहाचा पेला खाली पडून फुटला. आणि दलंदाची गंमत बघा — काच जमिनीवर पोचायच्या आत ही केरसुणी घेऊन हजर! जशी दाराआड तयारच होती. खाली वाकून तुकडे गोळा केले, झग्याच्या ओच्यात घेतले आणि गेली. नवऱ्याला थोपवायला नको, पोरीची बाजू घ्यायला नको, काचा मात्र भराभर.

४ एप्रिल

खदूजा कामाची निघाली. तिची भाची सरकारी दवाखान्यात सफाईला आहे. तिनं सांगितलं, तिथं मागच्या बाजूला एक डॉक्टरीण बसते, मनाचीच, पण खरी. मार खाल्लेल्या बायका तिच्याकडे जातात. रिधाला न सांगता गेलो. युसराच्या तोंडावर ओला रुमाल, रुमालावर लिंबू पिळलेलं.

डॉक्टर फातेन. केस विंचरायला वेळ नसलेली बाई. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, एकीचा पाय मोडका. भिंतीचा रंग उडालेला. खिडकी उघडी होती आणि बाहेर, काय सांगू, नारिंगाचं झाड! युसरा दारातच ताठरली.

डॉक्टर उठली नाही, धावली नाही. विचारलं, "खिडकी उघडी ठेवू की बंद करू?"

युसरा नुसती बघत राहिली. जणू परक्या भाषेत विचारलं. मग म्हणाली, "बंद."

"दार?"

"दार... उघडं."

बंद खिडकी, उघडं दार. बसलो. आणि त्या बाईनं काय झालं ते विचारलंच नाही! झोप लागते का, काय खाल्लं, त्याला पत्ता माहीत आहे का, तो आला तर कुठं जाशील — एवढंच. युसराच आपणहून सांगायला लागली, घाईघाईनं, जसा पाठ म्हणतात, मादामनं शिकवल्यासारखा. डॉक्टरनं हात वर केला. "आज नको. हे तुझं आहे. मला ते घाईनं द्यायची गरज नाही."

युसरा रडली नाही. खुर्चीच्या मोडक्या पायाकडे बघत राहिली आणि खांदे खाली आले तिचे. इतके दिवस ते कानांपाशी होते, मला दिसलंच नव्हतं.

नंतर मला बाजूला घेऊन बोलली. सांगणं वाईट नसतं, आजी, पण कुणापुढे, कधी, किती, ते तिनं ठरवायचं, आणि समोर ते झेलायला शिकलेलं माणूस हवं. उघड्या जखमेत पुन्हापुन्हा बोट घातलं तर ती जखम नवी होते. त्यात नवऱ्यासमोर बसवणं म्हणजे तर — इथं ती थांबली, शिवी गिळली असावी. मला आवडली.

"वास परत मिळेल का तिला?"

"वचन देत नाही. प्रयत्न करू. वेळ लागेल."

बरं वाटलं. वचन न देणारं माणूस फार दिवसांनी भेटलं.

"मी काय करू?"

"तिला ठरवू द्या. लहानसहान गोष्टी. चहा की कॉफी, हे सुद्धा."

एवढंच? मला वाटलं होतं काहीतरी कठीण सांगेल. घरी येताना कळलं की कठीणच आहे. मी आयुष्यात कुणाला चहा की कॉफी विचारलेलं नाही. जे असेल ते पुढ्यात ठेवते.

५ एप्रिल

ठरलं. यंदा फुलं गाळायची नाहीत.

हंडे गोधडीत गुंडाळून खदूजाच्या घरी पाठवले. तोडलेली फुलं, नळ्या, बाटल्या, सगळं. ती दारात उभी राहून ओरडली, "वेड लागलं का? तुझी आई गेली त्या वर्षी सुद्धा भट्टी पेटली होती!" "आई मेलेली होती. ही जिवंत आहे." मग तिनं नाक पुसलं आणि हंडा ओढून आत घेतला. "तांबं जपीन हो. पण तुझ्यासारखं पाणी नाही उतरायचं." "नाहीच उतरायचं. तुझी आग घाईची." शिव्या देऊन निघाले.

अंगणातल्या झाडावर चढले. या वयात! उरलेली कळी न् कळी ओरबाडली. बोटं चिकट झाली. झाड उघडं दिसतंय, मेंढी कातरल्यासारखं.

तरी गावाचा वास येणारच. मी युसराला विचारलं, "कुठला वास चालेल?" बराच वेळ विचार करून म्हणाली, "सार्डीन."

सार्डीन! जिरं, लसूण, मिरचीचा हरिसा लावून कढईभर मासे तळले. घर बंदरासारखं घमघमलं. गल्लीतली मांजरं भिंतीवर रांगेनं बसली. रिधा आला तो नाक धरून. "उम्मी, हे काय?" "औषध." आणि युसरा हसली! तोंडातून मासा पडला इतकं हसली.

रोज तळीन. उन्हाळा येईपर्यंत तळीन.

८ एप्रिल, शुक्रवार

आम्ही मादामकडे गेलो नाही, तर वजदीच दारात आला. आईसकट. हातात मिठाईचा खोका, रेशमी फीत. इस्त्रीचा शर्ट. चेहरा असा की कुणीही पोर द्यावी.

त्याची आई म्हणाली, "लल्ला, मुलगा रडतोय हो रोज."

"रडू दे. मादाम म्हणते रडणं चांगलं."

वजदी म्हणाला, "नन्ना, मी बदललोय."

"शर्ट बदललायस."

मागून रिधा गर्जत आला, बाजूला हो उम्मी, माझी मुलगी आहे, मी ठरवीन. मी दारात बसले. उंबऱ्यावर. म्हातारीला ओलांडून जायचं असेल तर जा. समोरच्या घरांची दारं हळूहळू उघडत होती. धुकं होतं, प्रत्येक दारात एकेक पांढरी शाल दिसत होती, माणूस दिसत नव्हतं. नुसत्या उभ्या राहिल्या. खदूजा मात्र पळी घेऊन आली होती.

आणि मग दलंदा. रिधा माझ्या खोलीकडे वळला तर ती दाराला पाठ लावून उभी. बाहेरून कडी नाही घातली, आतून युसरानं लावली होती. ही नुसती मध्ये उभी. बुटकी बाई, लोकरीची बाही मुठीत धरून. मी थक्क! रिधा अगदी जवळ गेला. आवाज चढवला नाही. गोडच आवाज, दुकानातला. "आपण नंतर बोलू," म्हणाला.

मला वाटलं, जेवणाबद्दल.

वजदी मिठाई उंबऱ्यावर ठेवून गेला. मांजरांनी सुद्धा खाल्ली नाही. मांजरांना सार्डीनची सवय लागलीय.

११ एप्रिल

डॉक्टर फातेनकडे युसरा आज एकटी गेली. जाताना विचारलं, "रुमाल नेऊ की नको, नन्ना?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस?" नेला.

गावातला वास पातळ होतोय. गल्लीतल्या झाडांखालची फुलं तपकिरी झाली, चहाच्या चोथ्यासारखी. दुपारी सगळी आळी झोपलेली, दूर कुठल्यातरी घरात शेवटची भट्टी ठिबकत असावी. घर एवढं गप्प की मला पुन्हा तो आवाज आला, लांबून कपडा झटकल्याचा. म्हटलं, आता कुठली फुलं? झाड तर उघडं. कान देऊन ऐकलं. वरून येत होता. रिधाच्या मजल्यावरून. मग थांबला.

आणि पुन्हा डोळा लागला. स्वप्नात तेच पाणी पायऱ्या चढत होतं. यावेळी माझ्या खोलीशी थांबलं नाही. वर गेलं.

१२ एप्रिल

पहाटे दलंदा खाली आली. मी चूल पेटवत होते. उभी राहिली. मी "काय गं?" म्हटलं नाही, कोण जाणे का.

"उम्मी, ती डॉक्टरीण मलाही बघेल?"

आणि लोकरीची बाही कोपरापर्यंत वर केली. पिवळं. हिरवं. त्यावर जांभळं.

"मादामकडे आधी मीच जात होते. वर्षभर. ती म्हणायची माफ कर. मी करत राहिले. वाटलं, मला जमत नाही, पोरीला तरी जमेल."

रिधा अजून झोपला होता. वर गेले. त्याचे कपडे पोत्यात भरले, फुलांच्याच. पोतं गल्लीत ठेवलं. मग त्याला उठवलं आणि घराची किल्ली मागितली. घर माझं आहे. ओरडला. उंबऱ्याशी खदूजा होती, बाकीच्या पण होत्या. किल्ली दिली.

खाली आले. दलंदा तशीच चुलीपाशी, बाही वर केलेली.

विचारलं, "चहा की कॉफी?"

उत्तर द्यायला तिला फार वेळ लागला. मी थांबले.